गोकुळदासांचे तीन फोन

१

गोकुळदास गावस आपल्याच कुळागरात, घरामागच्या सुपारीच्या बागेत, सव्वातीन तास पडून होते. उजवं मनगट मोडलेलं, उजवा घोटा मोडलेला, वर पोफळींची सावली आणि बाजूला पाटाचं पाणी. एवढ्या वेळात त्यांनी सुनेला तीन फोन केले, आणि तिन्ही फोन दोन-दोन रिंगा वाजून कापले गेले. हे सगळ्या सर्वण गावाला ठाऊक होतं. कापले कुणी, हेही सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. एकदा ठरलं म्हटल्यावर चौकशी करायची गरज कुणाला!

म्हापशाच्या हॉस्पिटलात शुद्धीवर येताच म्हातारा पहिलं वाक्य बोलला ते असं, "सेजलीन माझो फोन कापलो. एकदा नाय, तीनदा. तिच्या घरात मी परत पाय घालूचंय नाय."

घर खरं तर त्यांचंच. पण मुद्दा सगळ्यांना कळला. सेजल, त्यांची एकुलती सून, तिसऱ्या दिवशी बॅग भरून मोप्याला माहेरी गेली. नवऱ्याने तिला थांबवलं नाही, हे तिला जास्त लागलं.

तो नवरा, रुद्रेश, गुरुवारी सकाळी शेजारच्या पद्मावतीच्या दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, डोळे तांबडे.

"मावशे, एक विचारू? फोनाची काच आपणहून फोन कापू शकता?"

पद्मावती उंडा पाव चहात बुडवून खात होती. तिने तो पूर्ण खाल्ला आणि मग मान वर केली. डिचोलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बाईने चाळीस वर्षं काढली होती. आधी बोर्डावर दोऱ्या खुपसून ट्रंककॉल जोडायची, पुढे तक्रारीच्या खिडकीवर बसायची. एक टोक ओरडतं आणि बिघाड दुसऱ्या टोकाला निघतो, हे तिने इतक्यांदा पाहिलं होतं की घाईने मत देणाऱ्या माणसांचा तिला मनस्वी राग यायचा.

"बस," ती म्हणाली. "आणि पहिल्यापासून सांग."

रुद्रेशने गणेशचवथीला एकाच मॉडेलचे दोन नवे फोन आणले होते. एक बायकोला, एक वडिलांना. मॉडेल नुकतंच बाजारात आलेलं. आता इंटरनेटवर बोंब उठली होती की त्याचा टचस्क्रीन भरवशाचा नाही, बोट न लावताच काहीबाही दाबलं जातं. रुद्रेशचा सगळा जीव त्या बोंबेवर टांगलेला होता. त्या दुपारी तो स्वतः कारखान्यात होता, तिथे फोन गेटवर जमा करावा लागतो.

"शनिवारी बाबांना सोडणार. ते म्हणतात, सेजल घरात असली तर मी कुळागरातल्या गड्याच्या, बाबलीच्या खोपीत राहीन. आणि सेजल म्हणते, माझ्यावर विश्वास नसेल तर मी येत नाही." त्याने हात जोडले. "स्क्रीन खराब होता एवढं सिद्ध झालं ना मावशे, तर सगळे सुटतील."

"सिद्ध करायला फोन लागेल. सेजलचा फोन कुठे आहे?"

"तिच्याकडेच. मी गौरेशच्या दुकानात तपासून आणून दिला."

"त्यातली कॉलची यादी बघितलीस? आलेला फोन कापला की एक खूण येते, नुसता राहून गेला की वेगळी."

रुद्रेशने मान खाली घातली. "गौरेशने फोन पुसून कोरा केला, मावशे. यादी गेली."

२

गौरेशचं दुकान डिचोलीच्या बसस्टँडसमोर. काउंटरवर काचेखाली फोन मांडलेले, मागे गणपतीचा फोटो. पद्मावतीला बघताच तो उभा राहिला. त्याच्या आईचा लँडलाइन तिनेच कितीदा दुरुस्त करून दिला होता.

"ताई, टचची तक्रार आली की आम्ही पहिलं तेच करतो. फोन कोरा करून बघायचा. मला काय माहीत त्यात कुणाचा संसार अडकलाय म्हणून?"

"विचारायचं असतं रे बाबा. तोंड दिलंय ना देवाने?"

गौरेश ओशाळला. खोटारडा नव्हता तो, घाबरलेला होता. त्या मॉडेलचे चाळीस फोन त्याने चवथीआधी खपवले होते, आणि आता गिऱ्हाईक आत शिरलं की तो आधी त्याच्या हातातला फोन बघायचा.

"किती परत आले?" पद्मावतीने विचारलं.

"सात." मग इकडेतिकडे बघून तो हळूच म्हणाला, "पण ताई, खरं सांगतो, सातांपैकी एकाचीही तक्रार वाजणाऱ्या फोनाची नाही. सगळे म्हणतात, बोलता बोलता काहीतरी होतं. मध्येच आवाज बंद होतो, मध्येच स्पीकर लागतो. मेजावर ठेवलेला फोन वाजताना बंद पडला असं कुणी म्हटलेलं नाही."

पद्मावतीने पिशवीतून छोटी वही काढली आणि ते लिहून घेतलं. त्याचा अर्थ तिला त्या घडीला लागला नाही. तरी तिने लिहिलं.

"बरं, आलेला फोन कापायचा तर काय करायचं असतं यात?"

गौरेशने स्वतःच्या फोनवरून काउंटरवरच्या त्याच मॉडेलच्या फोनला रिंग दिली. तो वाजायला लागला. "हा गोल बघा. यावर बोट ठेवून खाली ओढायचं. नुसतं टेकवून चालत नाही. खिशात कापला जाऊ नये म्हणून कंपनीने मुद्दाम तसं केलंय." त्याने गोलावर बोट टेकवलं, दाबलं, टिचकी मारली. फोन वाजतच राहिला. मग बोट खाली ओढलं, आणि फोन गप्प झाला.

"स्क्रीन आपणहून दाबला गेला, तर?"

"दाबला जाईल. ओढला कसा जाईल, ताई? तोही तीन-तीनदा?" गौरेशने घाम पुसला. "कंपनीची बाजू घेत नाही मी. पण हे कुणाच्या तरी बोटाचं काम आहे."

रुद्रेशचा आधार तिथल्या तिथे सुटला. पद्मावती बसमध्ये बसली तेव्हा तिला सेजलचं लग्न आठवत होतं. हळदीच्या दिवशी ती पोर नाचून नाचून दमली होती आणि सासऱ्यांनी स्वतः उठून तिला पाणी नेऊन दिलं होतं.

३

त्या दिवशी घरात आणखी एक माणूस होतं. गोकुळदासांची विधवा बहीण, शालिनी. तिचं आणि सेजलचं जमत नाही हे गावात कुणाला सांगावं लागत नसे.

"मी माजघरात तांदूळ निवडीत होतंय," शालिनी सांगू लागली. हे ती आतापर्यंत दहा जणांना सांगून मोकळी झाली होती, तरी अजून तिचं पोट भरलं नव्हतं. "सकाळीच दोघांचा वाजलेला. हिका मोप्याच्या विमानतळार नोकरी लागली ना! भाऊ म्हणाले, घर कोण बघतला? ही काय म्हणाली म्हायत आसा? 'तुमका माझा करणा आवडत नाय तर आज माका फोन करू नकात!' सासऱ्याक असा बोलतत?"

"मग फोन आला तेव्हा?"

"बारा वाजून गेल्ले. ही रांदपाच्या कुडीत, चुलीकडे. फोन वाजलो, दोन रिंगा, बंद. परत वाजलो, बंद. तिसऱ्यांदा वाजलो तेव्हा ही मोठ्यान म्हणता, 'वाजू दे, दहा वेळा वाजू दे!' ह्या कानांनी ऐकलंय मी."

एवढं मात्र रुद्रेशने पद्मावतीला सांगितलं नव्हतं.

"तू आत जाऊन बघितलंस, तिने हात लावला ते?"

"कशाक बघू? ती आडोळीर बसून नारळ खोवीत होती. खर्र खर्र खर्र! फोन वाजता, बंद पडता, पण हिचा खोवणा काय थांबता? एक पळभर थांबूक नाय, पद्माबाय. तिन्ही वेळा तसाच चालू. इतक्या कठीण काळजाचा माणूस मी बघूक नाय!"

पद्मावतीने हातातला कप खाली ठेवला. "परत सांग. खोवण्याचा आवाज थांबलाच नाही?"

"सांगतंय काय मग? थांबलोच नाय!"

पद्मावती उठून स्वयंपाकघरात गेली. आडोळी भिंतीशी उभी होती. तिने ती आडवी केली, पाटावर बसली, नारळाची वाटी मागितली आणि दोन्ही हातांत धरून दात्यावर फिरवू लागली. खर्र खर्र. मग डावा हात सोडला. वाटी गरकन फिरली, आवाज बंद झाला. उजवा सोडून पाहिला. तेच.

सेजल फोन ठेवायची ते मेज खिडकीखाली, आडोळीपासून दोन हात लांब होतं. दोन्ही हात नारळात असलेल्या बाईने त्यावरचा फोन कापायचा कसा, पायाने?

शालिनीने पोरीविरुद्ध म्हणून जी साक्ष गावभर दिली होती, तीच पोरीला सोडवत होती. पण मग घरात दुसरं बोट एकच उरत होतं. पद्मावतीने मान वळवली. शालिनी दारात उभी होती आणि तिचा चेहरा पडला होता.

"माझ्याकडे अशी कशाक बघतस गो?" ती म्हणाली.

४

मोप्याला पद्मावती शुक्रवारी सकाळच्या बसने गेली. सेजलचं माहेर पठाराच्या टोकाला. डोक्यावरून विमान गेलं की घरातले सगळे बोलायचे थांबतात आणि ते गेलं की तिथूनच पुढे बोलायला लागतात. सेजल वाळली होती. पद्मावतीला बघून ती आधी हसली आणि मग तोंड फिरवून रडली.

"मावशी, तुम्हीही तेच विचारायला आलात?"

"मी वेगळं विचारायला आले. फोन वाजत होता तेव्हा आत्या आत आली होती?"

"आत्या? नाही." सेजलने डोळे पुसले. "फोन माझ्या नजरेसमोर होता. आत्यांचं माझं पटत नसेल, पण त्यांच्यावर हे घालू नका. दोन रिंगा वाजल्या आणि आपणहून बंद झाला. तिन्ही वेळा."

म्हणजे शालिनी सुटली, आणि तिला सोडवली सेजलनेच. पद्मावतीला ही पोर फार आवडली त्या क्षणी.

"बंद झाला, तर तुला काही वाटलं नाही? उलट फोन करावासा?"

एक विमान गेलं. ते गेल्यावर सेजल बोलली.

"बाबा कुळागरातून निघाले की मिस्ड कॉल देतात. दोन रिंगा. म्हणजे भात चढव. रोजचं आहे ते, मी लग्न होऊन आल्यापासूनचं. त्या दिवशी आमचं भांडण झालेलं. एक आला, मग दुसरा, मग तिसरा. मला वाटलं, रागाने देतायत. मुद्दाम. म्हणून म्हटलं, वाजू दे दहा वेळा. आणि भात चढवला. ताट वाढलं. दोन वाजेपर्यंत ताटाकडे बघत बसले. मग वाटलं, रुसलेत, बाबलीकडे पेज जेवले असतील." तिने ओठ घट्ट दाबले. "फोन मी कापला नाही, मावशी. पण मी उठून बघायलाही गेले नाही. पाच मिनिटांचं कुळागर! हे मी कुणाला सांगू?"

पद्मावतीने तिचा हात हातात घेतला. "रुद्रेशला सांगितलंस मिस्ड कॉलचं?"

"सांगितलं. त्याने बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, मी मिस्ड कॉल दिलाच नाही, मी बोलूक फोन केलो. मग रुद्रेश मला म्हणाला, दोघांतला एक जण खोटं बोलतोय. आणि बाबा उभ्या जन्मात खोटं बोललेले नाहीत, हे मलाही माहीत आहे."

पद्मावतीने तिचा फोन मेजावर ठेवला आणि स्वतःच्या फोनवरून वीस वेळा रिंग दिली. स्क्रीन कोरडा असताना दिली, ओला करून दिली, नारळाचा रस चोळून दिली. फोन बिचारा विसाही वेळा शेवटपर्यंत वाजला. सेजलची आई दारात उभी राहून हा काय प्रकार म्हणून बघत होती.

परतीच्या बसमध्ये पद्मावतीने वही उघडली. सून खरं बोलते. सासरा खरं बोलतो. आत्याने हात लावला नाही. फोनचा स्क्रीन ठीक आहे. तरी फोन बंद झाला. वाजणारा फोन बंद करू शकतील अशी माणसं दोनच. एक घेणारं, आणि दुसरं करणारं.

आपण दोन दिवस एकाच टोकाला बसलोय, हे तिच्या लक्षात आलं. चाळीस वर्षं नोकरी करून! तिला स्वतःचाच राग आला.

५

बाबली कुळागरात सुपाऱ्या वेचत होता. मूळचा दोडामार्गकडचा, वीस वर्षं गोकुळदासांकडेच कामाला. साडेतीनला त्यानेच मालकाला पाहिलं होतं.

"कसे पडले होते?" पद्मावतीने विचारलं.

"उजव्या कुशीर, पाटाच्या कडेक. मोडलेलो हात अंगाखाली. डाव्या हातान पोफळ धरून ऱ्हवलेले, नायतर पाण्यात जातले होते. आणि टुवाल तोंडाक गच्च बांदलेलो. माका आदी वाटला, दात दुखतत काय?"

"टुवाल तोंडाला? कशाला?"

"फोन होतो ना आत. कानाक." बाबलीला यात काही विशेष वाटत नव्हतं. "गाठ सोडलंय तसो खाली पडलो."

"फोन टुवालात बांधतात?"

"आमी सगळेच बांदतंव, बाय. सुपाऱ्ये सोलताना हात रिकामे खंय असतत? फोन लावचो, टुवालात खुपसूचो, आणि बोलत काम करूचा. भाऊंचो बटनांचो जुनो फोन तर दिवसभर टुवालातच असायचो. ह्यो नवो नाय बांदायचे. तेच्यारसून नुसते मिस कॉल देयत. तेंका आवडाकच नाय तो."

पद्मावती तिथेच पोफळीला टेकली. गौरेशचे सात फोन तिला आठवले. बोलता बोलता काहीतरी होतं. बोलता बोलता, म्हणजे फोन कुठे असताना?

तिने तिथूनच गौरेशला फोन लावला. "या मॉडेलमध्ये फोन कानाला लावला की स्क्रीन बंद कसा होतो?"

"आधीच्या फोनांना वर एक बारीक डोळा असायचा, ताई. गाल जवळ आला की तो ओळखायचा. यात तो डोळा नाही. हात फोन उचलून कानाकडे नेतो, त्या हालचालीवरून फोन अंदाज बांधतो. अंदाज चुकला की स्क्रीन चालूच राहतो."

"आणि आपण केलेला फोन कापायला? तोही ओढावा लागतो?"

"नाही. तो नुसता टेकला तरी कापला जातो."

दुपारी ती हॉस्पिटलात पोचली. गोकुळदास उशाला टेकून छताकडे बघत होते. हात प्लास्टरात, पाय प्लास्टरात, आणि राग अजून शाबूत.

"भाऊ, एकच विचारते. फोन कापला गेला तेव्हा कानाला काय ऐकू आलं?"

"काय ऐकूचा? दोन रिंगा वाजल्यो आणि गप्प."

"टूं टूं टूं असा आवाज? किंवा ती बाई बोलली, समोरची व्यक्ती व्यस्त आहे म्हणून?"

"कायच नाय गो. एकदम गप्प. तिन्ही वेळा. मग म्हटलंय, जी माका कापता तिका चौथ्यांदा कशाक करू?" म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ते त्याला पुसता येईनात, कारण डाव्या हाताला सलाईन होतं.

पद्मावतीने पदराने ते पुसले. समोरच्याने फोन कापला की करणाऱ्याला काहीतरी ऐकू येतंच, खूण म्हणून. चाळीस वर्षं ती त्या खुणांवर जगली होती. काहीच ऐकू येत नाही ते एकाच कारणाने.

ती बाहेर येऊन बाकावर बसली. सगळं कळलं होतं, आणि कळल्याचा आनंद काडीचा नव्हता. सुनेच्या फोनचा स्क्रीन खराब होता, एवढं खोटं सांगितलं असतं तर सगळे सुटले असते. रुद्रेशची तर मागणीच तेवढी होती. खरं सांगायचं म्हणजे त्या म्हाताऱ्याला सांगायचं, की सव्वातीन तास तू पडून होतास ते... तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. पण खोटं सांगून फोन बदलला, आणि पुढच्या वेळी हा माणूस तसलाच दुसरा फोन टुवालात बांधून पडला, तर?

६

शनिवारी सकाळी खोलीत तिघं जण होती. खाटेवर गोकुळदास, खिडकीशी रुद्रेश, आणि कोपऱ्यात शालिनी. ती परवापासून फारसं बोलली नव्हती. पद्मावतीने पिशवीतून टुवाल काढला.

"भाऊ, तुझा फोन दे. रुद्रेश, माझा फोन तू धर. वाजला तर हात लावू नकोस."

तिने गोकुळदासांच्या फोनवरून स्वतःचा नंबर लावला, फोन उचलून कानाला धरला आणि उभी राहिली. रुद्रेशच्या हातातला फोन वाजत राहिला. पाच रिंगा, सहा, सात.

"ठीक चालतो," रुद्रेश म्हणाला.

"थांब जरा."

आणि मग सासष्ट वर्षांची पद्मावती शेजारच्या रिकाम्या खाटेवर उजव्या कुशीवर आडवी झाली. नर्स दारातून डोकावून गेली. पद्मावतीने फोन गादीवरच ठेवून नंबर लावला, तो न उचलता डाव्या हाताने सरकवत गालाखाली घेतला आणि टुवाल गच्च आवळला.

एक रिंग. दुसरी. खोली शांत झाली.

"मी हात लावूक नाय!" रुद्रेश ओरडला.

"ठाऊक आहे मला." तिने परत लावला. या खेपेला चार रिंगा गेल्या आणि बंद. परत लावला. दोन आणि बंद. मग ती उठून बसली, टुवाल सोडला आणि फोन सगळ्यांसमोर धरला. स्क्रीन उजळलेला होता आणि त्यावर तिच्या गालाचा घाम होता.

"शालिनीने ऐकलं की नारळ खोवणं थांबलं नाही. म्हणजे सेजलचे दोन्ही हात गुंतलेले होते. तिचा फोन ओढल्याशिवाय कापला जात नाही, आणि वीस वेळा बघितला, तो ठीक आहे. भाऊला फोन कापल्याचा कसलाच आवाज आला नाही. समोरच्याने कापला असता तर आला असता. आवाज येत नाही ते आपणच कापला तर." ती भराभर बोलत होती, थांबली तर पुढचं बोलवणार नाही म्हणून. "हा फोन हाताने उचलून कानाला लावला तर स्क्रीन बंद करतो. पडलेल्या माणसाने टुवालात बांधला तर त्याला कळतच नाही. स्क्रीन चालू राहतो, आणि लाल गोल गालाशी येतो."

गोकुळदासांनी डावा हात उचलून आपल्या गालाला लावला. पांढऱ्या दाढीवरून बोटं हळूहळू फिरली.

"म्हंजे मीच?"

"तू नाही, भाऊ. तुझा गाल. जुन्या फोनाला वीस वर्षं जे चाललं ते याला चाललं नाही."

"जुनो मी टाकलंय," रुद्रेश म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबा नको म्हणत होते. आणि सेजलक... मावशे, मी तिका काय काय बोललंय!"

"ते तू तिला सांग. माझ्यापाशी रडून काय उपयोग?"

गोकुळदासांचं तिकडे लक्षच नव्हतं. "पण तिका दोन रिंगा पावल्यो ना? मग तिना काय केला?"

पद्मावती उत्तर द्यायला गेली, पण तिच्याआधी शालिनी बोलली. मान खाली घालून, पदराचं टोक पिळत.

"भात चढवलो तिना, भाऊ. तुझो मिस कॉल म्हणून. ताट वाढून दोन वाजासर बसलेली. मी बघितलंय. मी ता कोणाक सांगाक नाय."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. रागावर आठ दिवस तग धरलेला माणूस एकदम थकलेला दिसायला लागला. पद्मावतीला वाटलं, आता याला एकटं सोडावं. ती पिशवी उचलायला वाकली.

"पद्माबाय, फोन दी हय."

त्यांनी फोन मांडीवर ठेवला. चेहऱ्यापासून चांगला हातभर लांब. स्क्रीनवर रुद्रेशने चवथीला लावून दिलेला सेजलचा फोटो होता. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने तो दाबला, आणि खोलीतल्या सगळ्यांनी रिंग ऐकली. एक. दोन. मग त्यांनी स्वतःच, सगळ्यांच्या देखत, लाल गोलावर बोट टेकवलं.

"बाबा, कापलात कशाक?" रुद्रेश पुढे झाला. "बोला ना तिच्याशी!"

"गप ऱ्हव," गोकुळदास म्हणाले.

ते फोनकडे बघत राहिले. सगळेच बघत राहिले. फार वेळ गेला नाही, पण पद्मावतीला तो एक्स्चेंजमधल्या कुठल्याही ट्रंककॉलपेक्षा लांब वाटला. मग फोन वाजला. पलीकडून सेजलने उलटा फोन केला होता, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच. गोकुळदासांनी तो घेतला आणि रुद्रेशने स्पीकर लावला.

"बाबा? काय झालं? पडलात काय परत? बाबा, बोला ना!"

गोकुळदास गाल लांबच ठेवून बोलले.

"पडाक नाय गो. घाबरू नको. माका सोडतत आता." ते थांबले. "भात चढव."

"पण बाबा, मी मोप्यात आहे."

"म्हायत आसा माका. नोकरी थंयच ना तुझी? मग रस्तो बघून ठेवूक होयो. तू जंय आसशीत थंय मी जेवूक येतंय."

सेजलच्या डोक्यावरून विमान गेलं असावं, कारण बराच वेळ फोनमध्ये नुसती घरघर येत राहिली. कुणीच फोन ठेवला नाही. घरघर विरली तेव्हा तिचा भरलेला आवाज आला, "बाबा, आत्या पण येणार ना? म्हणजे तांदूळ तसा घेते."

रुद्रेश गाडी आणायला खाली पळाला.